गावात नवीन आलात आणि फॉस्टर मांजर घेताय? आधी शेजारच्या दहा घरी जाऊन या

आम्ही नऊ वर्षं मस्कतला काढून परत आलो आणि नाशिक शहरात फ्लॅट न बघता गिरणारे रोडवरच्या एका गावात घर भाड्याने घेतलं. पुढे पडवी, मागे परस, तिन्ही बाजूंनी द्राक्षबागा. पाचव्या महिन्यात पहिलं फॉस्टर मांजर आलं, तिचं नाव बाजरी, रंगावरून शेजारच्या आक्कांनी ठेवलेलं. तिला धरून आजपर्यंत सहा मांजरं येऊन गेली. आता मुंबई-पुण्याहून, परदेशातून बरेच जण या पट्ट्यात राहायला येतायत, दुगाव, मुंगसरे, महिरावणी कुठेही बघा, आणि त्यातल्या मांजरवेड्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून काढते.

फॉस्टर म्हणजे मांजर कायमचं आपलं नाही, त्याला कायमचं घर मिळेपर्यंत आपण सांभाळायचं. ज्यांच्याकडून घेताय त्यांच्याशी चार गोष्टी आधीच बोला आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: साधारण किती दिवस, औषधपाण्याचा खर्च कोण करणार, लस आणि नसबंदी झालीय का, आणि रात्री अडीचला काही झालं तर फोन कोणाला करायचा. तुम्हाला अचानक बाहेरगावी जावं लागलं तर मांजर कोणाकडे, हे पण. एवढं झालं की पुढे.

पायरी पहिली: शेजार

पिंजरा, लिटर (म्हणजे मांजराच्या शी-शूसाठीची वाळू), खाणं याच्या आधीची पायरी आहे ही. शहरात फ्लॅटचं दार लावलं की मांजर सुरक्षित. गावात तसं नसतं, गावात मांजर गल्लीचं असतं, चार घरी दूध पितं, कुणाच्या कांदाचाळीत उंदीर मारतं, बाळंत तिसऱ्याच्याच माळ्यावर होतं. त्यामुळे तुम्ही मांजर घरात ठेवणार, बाहेर सोडणार नाही, हे लोकांना वेगळं वाटतं, आणि सांगितल्याशिवाय कळणार तरी कसं. बाजरीला जे धोके होते ते सगळे शेजारच्या घरांतून आणि शेतांतून येणारे होते आणि तिला वाचवलं पण शेजारच्यांनीच, ते पुढे सांगते.

तर मांजर यायच्या दोन-तीन दिवस आधी संध्याकाळी, साधारण दिवेलागणीला, माणसं शेतातून आलेली असतात तेव्हा, घरोघरी जा. मोबाईलमध्ये मांजराचा फोटो ठेवा. चहा देतील, तो घ्या, घाई करू नका. पहिला प्रश्न येणार "भाटी आहे का बोका?" (भाटी म्हणजे मादी) आणि दुसरा "विकत आणलं का?" दोन्हीची नीट उत्तरं द्या आणि मग आपलं म्हणणं सांगा. हे मांजर घरातच राहणार, बाहेर दिसलं तर पकडायला धावू नका, मला फोन करा. उंदराचं औषध टाकणार असाल तर आदल्या दिवशी सांगा. बागेत फवारणी कधी आहे ते सांगा. आणि प्रेमाने दूध-भाकरी घालू नका, त्याचं पोट बिघडतं.

सांगण्याइतकंच ऐकून पण घ्या. कोणाचं कुत्रं मांजरावर जातं, कुठल्या बांधाला नाग दिसतो, बिबट्याचे ठसे मागच्या आठवड्यात कोणत्या उसाच्या कडेला होते, हे तुम्हाला तिथेच कळणार. आमच्या शेजारच्या नानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, तुमच्या परसात फरशीचा ढीग पडलाय ना, तो आधी हलवा, त्याच्याखाली कायम काहीतरी असतं." हलवला तर खरंच खाली धामणीची कात. धामण बिनविषारी, पण तिच्या जागी घोणस असती तर.

कोणी म्हणेल मांजर आडवं जातं, अपशकुन होतो. वाद घालू नका. त्याच घरातली म्हातारी तुम्हाला सांगेल की मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर द्यावं लागतं, आणि या एका समजुतीने गावोगाव किती मांजरं वाचली असतील कोण जाणे. मला आक्का म्हणाल्या, "तू दार तेवढं लावून घे गं, बाहेरचं आम्ही बघतो." मी ते वाक्य तेव्हा नुसतं बोलणं समजले होते, पण त्यांनी ते शब्दशः पाळलं.

आणि पोरं. गल्लीतल्या पोरांना फार सांगावं लागत नाही, फक्त एकदा घरात बोलवून लांबून मांजर दाखवा आणि दार उघडं राहिलं तर काय होईल ते सांगा. त्यानंतर तुमच्यापेक्षा तीच जास्त ओरडतात, "काकू दार!"

पायरी दुसरी: एक खोली, सगळं घर नाही

नवीन मांजराला पहिल्यांदा एकच खोली द्यायची. मोठं घर मिळालं म्हणून ते खूश होत नाही, उलट घाबरतं, कारण त्याला प्रत्येक कोपरा हुंगून ओळखीचा करावा लागतो. खोली अशी निवडा की ती रस्त्याच्या बाजूला नको, आतून-बाहेरून कडी लागली पाहिजे, आणि वर बघा. हो, वर. कौलारू किंवा पत्र्याचं घर असेल तर भिंत आणि छत यांच्यात फट असते, आणि घाबरलेलं मांजर साडेपाच-सहा फूट सहज चढतं. आम्ही त्या फटीला कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी ठोकली. खिडकीला मच्छरदाणीची नायलॉन जाळी पुरत नाही, नखाने फाटते, लोखंडी लावा. मोरीचं तोंड पण बघा, जुन्या घरात मोरीचं भोक चांगलं मोठं असतं.

लपायला जागा द्या. हे लोक विसरतात. पुठ्ठ्याचं खोकं आडवं टाकून त्यात जुनं सुती लुगडं, बस. पलंगाखालची किंवा कपाटामागची जागा बंद करा, कारण तिथे शिरलं की तुम्हाला त्याला तपासता येत नाही आणि ओढून काढलं तर झाला तेवढा विश्वास पण जातो.

लिटरसाठी प्लास्टिकचं घमेलं एकदम बरोबर, कडा फार उंच नसतात, धुवायला सोपं, आणि गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतं. आत काय घालायचं? विकतचं लिटर सुरुवातीला एक पिशवी घ्या, मग परवडणारं बघा. आम्ही बारीक चाळलेली कोरडी वाळू वापरली, नंतर भाताचं तूस मिळालं, घोटीकडे राईस मिल आहेत तिकडून गोणीभर आणलं, हलकं असतं आणि वास पण कमी. राख घालू नका, बारीक धूळ उडते आणि मांजराच्या नाकात जाते. एका मांजराला दोन घमेली असली तर उत्तम. खाण्याची ताटली आणि घमेलं खोलीच्या दोन टोकांना ठेवा.

घमेलं रोज साफ करायचंच, आणि हे नुसतं वासासाठी नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी काही मांजरांच्या विष्ठेतून येतो आणि तो बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत संसर्ग करण्याइतका तयार होतो, म्हणजे रोज काढलं तर त्याला तेवढा वेळच मिळत नाही. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करायचं. आणि परसात मेथी-कोथिंबीर लावली असेल तर हे त्या खतात टाकू नका, लांब खड्डा करून पुरा.

मुंग्या! गावात मुंग्या म्हणजे मुंग्या. खाण्याची वाटी एका ताटात पाणी घालून त्याच्या मध्ये ठेवायची, आपल्या आज्या दुधाचं पातेलं ठेवायच्या तशी.

पायरी तिसरी: आणायचा दिवस

कॅरिअर नसेल तर घाबरू नका, नाशिकमध्ये कॅरेटला तोटा नाही. टोमॅटो-द्राक्षाची दोन प्लास्टिकची कॅरेट तोंडाला तोंड लावून चारी बाजूंनी सुतळीने घट्ट बांधायची, खाली गोणपाट, वरून चादर. हवा खेळते, मांजराला अंधार मिळतो. हातात किंवा पिशवीत घालून बाईकवर आणू नका, कितीही गरीब मांजर असू दे, एक हॉर्न वाजला की संपलं. शनिवार-रविवार टाळा, गंगापूर रोडला वायनरी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या असतात, वीस मिनिटांचा रस्ता तासाचा होतो आणि ते आत ओरडत राहतं.

दिवस निवडताना पंचांग बघा म्हणते मी. आम्ही बाजरीला कोजागरीच्या चार दिवस आधी आणलं आणि कोजागरीपासून देवळात काकडा सुरू झाला, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे चारला स्पीकर, टाळ, आणि लगेच पंधरा दिवसांवर दिवाळीचे फटाके. माणसाला काकड्याचा आवाज गोड लागतो, नवीन मांजराला नाही. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस, गावची जत्रा, सप्ताह, शेजारी लग्न असेल ते दिवस टाळा. त्र्यंबक रोडच्या बाजूला राहत असाल तर पौष वद्य एकादशीच्या आधीचे दिवस पण बघा, निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या रस्त्याने जात असतात. टाळता आलं नाही तर आतली खोली, दाराला जाड गोधडी, आणि तुम्ही स्वतः त्या खोलीत.

पहिले तीन दिवस

काही करू नका. खरंच. खोलीत जायचं, खाणं-पाणी ठेवायचं, घमेलं साफ करायचं आणि भिंतीला टेकून बसायचं, हळू आवाजात काहीतरी वाचायचं, मी बँकेचे कागद वाचायचे. डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही, ते मांजराला धमकी वाटते. नजर भिडलीच तर हळूच डोळे मिटायचे आणि उघडायचे. एक दिवस ते पण तसंच करेल, त्या दिवशी समजायचं की गाडी रुळावर आली.

लपून बसणं, रात्री ओरडणं, पहिल्या दिवशी न खाणं हे चालतं. साधारण अंदाज असा की तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घराची पद्धत समजायला, आणि तीन महिने हे आपलं वाटायला. पण चोवीस तास पूर्ण होऊन गेले आणि तोंडाला काहीच लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा, दोन दिवस थांबू नका. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि ते जिवावर बेततं, कुत्र्यासारखं ते चार दिवस उपास काढू शकत नाही. बोका असेल आणि घमेल्यात सारखा जाऊन बसतोय, जोर करतोय पण लघवी होत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. हे सकाळपर्यंत थांबत नाही.

गावात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे माणसं. दार उघडंच असतं, "आहात का घरात?" म्हणेपर्यंत माणूस स्वयंपाकघरात आलेला असतो, आणि त्यांचं काही चुकत नाही, तीच तर इथली माया आहे. म्हणून मांजराच्या खोलीचं दार आणि घराचं दार अशी दोन दारं मध्ये हवीतच, एक उघडलं तर दुसरं बंद. पाणी एक दिवसाआड सकाळी येतं तेव्हा आपली हंडे-पाइपची धावपळ असते, घंटागाडी येते, दूधवाला येतो. त्या तासाभरात आतल्या खोलीला बाहेरून कडी. रोज, न चुकता.

खाणं

ज्यांच्याकडून आणलं तिथे जे खात होतं तेच पहिला आठवडा द्या, मग हळूहळू बदला. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे, त्याला टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळतो आणि तो कमी पडला तर डोळे आणि हृदय खराब होतं, त्यामुळे दूध-चपाती, वरणभात यावर मांजर जगतं असं दिसलं तरी ते बाहेर उंदीर-पाली खाऊन भरून काढत असतं. तुमचं तर घरात बंद आहे. मग मांजराचंच कोरडं खाणं, त्यासोबत उकडलेलं चिकन, बिनमिठाचं, बिनहळदीचं, आणि कांदा-लसूण अजिबात नाही, ते मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. उकडलेलं अंडं चालतं. सुकट-बोंबील वासाला जीव टाकतील पण मीठ फार असतं. घरात शाकाहार असेल तर आधी घरमालकांशी बोला, आमच्या मालकीणबाईंनी सांगितलं की मागच्या पडवीत वेगळी भांडी ठेवून शिजवा, त्यांची काही हरकत नाही.

दूध. मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा पचत नाही, जुलाब होतात. बाजरीला पहिल्या आठवड्यात जे जुलाब झाले ते खिडकीच्या गजातून रोज येणाऱ्या प्रेमळ दुधाच्या वाटीमुळे. मी जाऊन बोलले, त्यांना वाईट वाटलं, मग मी सांगितलं की दुधाऐवजी अंडं द्या, त्या दिवसापासून अंडं यायला लागलं.

विष, आणि यावर मी जास्त लिहिणार आहे

नाशिकचा हा पट्टा द्राक्षाचा आहे. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि ऑक्टोबरनंतर फवारण्या मागोमाग चालू असतात, ब्लोअरचा ट्रॅक्टर पहाटे किंवा संध्याकाळी बागेतून फिरतो. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलावरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात, त्यात हायड्रोजन सायनामाईड असतं, ते माणसाला पण विषारी आहे. मांजराचा प्रश्न असा की ते स्वतःला चाटून साफ करतं, म्हणजे अंगावर पडलेलं सगळं पोटात जातं. म्हणून फवारणीच्या वेळी त्या बाजूच्या खिडक्या बंद, बाहेर वाळत घातलेली मांजराची गोधडी आत, आणि बागेतून आलात की चपला बाहेर काढा, पाय धुऊन मगच खोलीत. शेतकऱ्याला फवारणी करू नका म्हणायला जाऊ नका, त्याचं वर्ष त्या बागेवर आहे. फक्त वेळ विचारा, सांगतात.

उंदराचं औषध दोन प्रकारचं जास्त दिसतं. एक काळी पावडर, झिंक फॉस्फाईड, पिठाच्या गोळीत घालून टाकतात, पोटात गेलं की त्याचा फॉस्फीन वायू होतो आणि त्याला उतारा नाही, डॉक्टर फक्त आधाराचे उपचार करू शकतात. दुसरं ब्रोमाडायोलोनची वडी, त्याने रक्त गोठायचं थांबतं, लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात, आणि याला मात्र व्हिटॅमिन के-वनचा उपचार आहे, वेळेत गेलात तर मांजर वाचतं. म्हणून शेजारी कोणतं औषध टाकलंय ते विचारा आणि पुडीचा फोटो काढून ठेवा, तो फोटो डॉक्टरांना दाखवला की अर्धा वेळ वाचतो. मांजराने विषारी गोळी खाल्ली नाही पण तसला मेलेला उंदीर खाल्ला तरी विष भिनू शकतं, हे पण लक्षात ठेवा.

आता घरातलं. फरशी पुसायचं फिनाईल मांजराला विषारी, कारण फिनॉल जातीची द्रव्यं त्याचं यकृत नीट बाहेर टाकू शकत नाही आणि ते ओल्या फरशीवर चालून पंजे चाटतं. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा. कापूर आवाक्यात ठेवू नका. तापाची पॅरासिटामॉलची गोळी माणसाला औषध, मांजराला एक पण मारक. पिसवा आणि गोचीड झाले तर गावात लगेच कोणीतरी गुरांचं गोचिडाचं औषध आणून देईल, अगदी चांगल्या मनाने, ते घ्या, आभार माना आणि वापरू नका. त्यात डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन असतं, कुत्र्यांच्या काही औषधात परमेथ्रिन असतं, गाईला-कुत्र्याला चालतं पण मांजराला झटके येतात आणि जीव जातो. रॉकेल, तंबाखूचं पाणी हे पण नाही. मांजराचं वेगळं औषध मिळतं, वजनावर मोजून, डॉक्टरांना विचारून.

दवाखाना

गावाजवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना बघून ठेवा, तिथे मुख्य काम गाई-म्हशी-शेळ्यांचं असतं पण अडीअडचणीला तीच जवळची जागा, आणि 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा टोल फ्री नंबर मोबाईलमध्ये टाका. मांजरांची सवय असलेला डॉक्टर मात्र शहरातच शोधावा लागतो, पहिल्या आठवड्यातच जाऊन ओळख करून या. एका ठिकाणी आम्हाला बाजरीला बघायच्या आधीच इंजेक्शन काढून ठेवलेलं दिसलं, आम्ही तिथून उठलो आणि दुसरे डॉक्टर शोधले जे आधी वजन करतात, हिरड्या बघतात, मग बोलतात. असा डॉक्टर मिळेपर्यंत थांबा.

पिल्लू असेल तर जंताचं औषध, आणि सहा ते आठ आठवड्यांपासून ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन आजारांवरची) लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना. नसबंदी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान, उशीर करू नका, मांजराचं गरोदरपण फक्त नऊ आठवड्यांचं असतं आणि वर्षात दोन-तीन वेळा विते, गल्लीत इतकी पिल्लं का दिसतात ते यात आलं.

तुम्हाला चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. हळद-चुना काही लावायचं नाही. मांजर घरातलं आहे, काही होत नाही, असं समजून घरी बसू नका.

पळालं तर

बाजरी नवव्या दिवशी पळाली. सिलेंडर द्यायला माणूस आला, दोन्ही दारं एकदम उघडी राहिली, आणि ती पायातून गेली. मी अनवाणी बागेत पळाले, हाका मारल्या, वीस माणसं गोळा झाली, आणि तीच चूक झाली. घाबरलेलं मांजर हाकेला येत नाही, ते आणखी आत शिरतं.

करायचं ते असं. गर्दी पांगवा. नवीन मांजर पळालं की लांब जात नाही, बहुतेक वेळा तीन-चार घरांच्या आतच, मुकाट, कशाखाली तरी बसलेलं असतं. गोठा, कडब्याची गंजी, सरपणाचा ढीग, पाण्याच्या टाकीमागची जागा, उभ्या ट्रॅक्टरखाली, हे टॉर्च घेऊन बघा, आणि रात्री दोन ते चारच्या मध्ये बघा कारण तेव्हा सगळं शांत असतं आणि ते बाहेर येतं. टॉर्च डोळ्याच्या रेषेत धरली की त्याचे डोळे चमकतात. घराच्या मागच्या दारात त्याचं खोकं, त्याचंच लुगडं आणि वासाचं खाणं ठेवा. एकटं फिरू नका, शेतीला रात्रीची लाईट असते तेव्हा पाणी धरायला गेलेले लोक पण दोघं-तिघं मिळून जातात, बिबट्यामुळे. आमच्या शिवारात तो आहेच, उसात राहतो, कुत्री-मांजरं उचलतो. बिबट्या दिसला तर वनविभागाचा नंबर 1926.

दोन रात्री काही नाही. तिसऱ्या पहाटे आक्का काकड्याला निघाल्या होत्या, हातात निरांजन, आणि त्यांना गोठ्यातल्या गंजीत दोन डोळे दिसले. त्या हाक मारायला गेल्या नाहीत, पकडायला गेल्या नाहीत. तिथेच खाली बसल्या आणि नातवाला माझ्याकडे पाठवलं. मी पोहोचले तेव्हा देवळात आरती सुरू होती आणि आक्का गोठ्याच्या दारात आडव्या बसून राहिल्या होत्या, वाट अडवून. त्या वर्षी त्यांचा तो एक काकडा चुकला. मी त्यांच्याशेजारी बसून चिकनची वाटी पुढे सरकवली, वीस मिनिटं लागली, बाजरी आली.

मी मांजर यायच्या आधी त्यांच्याकडे जाऊन सांगितलं नसतं तर त्यांनी ते डोळे बघून "असेल कुणाचं तरी" म्हटलं असतं आणि पुढे गेल्या असत्या.

बाहेर सोडायचं का

फॉस्टर असेपर्यंत नाही. ते तुमचं नाही, कोणाच्या तरी विश्वासावर तुमच्याकडे आहे. तीन आठवड्यांनी घरभर फिरू द्या, पडवीला जाळी लावून घेतलीत तर ऊन खायला मिळतं, तेवढं पुरतं. थंडीत सांभाळा, डिसेंबर-जानेवारीत इकडे चांगलीच थंडी पडते, निफाडचा पारा तर पेपरात येतो. बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून खोक्यात ठेवा. आणि गाडी चालू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा, गल्लीतली मांजरं इंजिनच्या उबेला आत शिरतात.

कायमचं घर

गावात मांजर मागणारे लगेच येतात. "कांदाचाळीत उंदीर फार झालेत, आम्हाला द्या." शहरातले फॉस्टरवाले याला सरसकट नाही म्हणतात, मला ते पटत नाही. मी आधी त्यांच्या घरी जाते आणि बघते की आत्ता जी गाई-कुत्री आहेत ती कशी आहेत, अंगाने भरलेली आहेत का, माणूस जवळ गेला की दचकतात का. मग विचारते की उंदीर नसतील त्या महिन्यात काय खायला घालणार. उत्तर नीट आलं, घरात उंदराचं औषध बंद करायची तयारी असली, आणि नसबंदी-लस झालेलं मांजर असलं, तर शेतकऱ्याचं घर हे चांगलं घर आहे. फ्लॅटमध्ये दिवसभर एकटं कोंडलेलं मांजर मी पाहिलंय आणि आजोबांच्या मांडीवर ओट्यावर झोपलेलं पण. पिल्लू मात्र नसबंदीआधी कोणालाही देत नाही. आणि कोणी म्हणालं की नाही जमलं तर सोडून देऊ, तर तिथेच बोलणं संपवा, उपाशी मरेल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

बाजरीची नसबंदी नोव्हेंबरात झाली, जानेवारीत ती सिन्नरला एका शिक्षिकेच्या घरी गेली. द्यायच्या दिवशी तिचं खोकं, न धुतलेलं लुगडं, घमेल्यातलं वापरलेलं मूठभर तूस आणि आठ दिवसांचं खाणं सोबत द्या, ओळखीचा वास असला की ते लवकर खायला लागतं. लसीचं कार्ड द्या. पहिले तीन दिवस रोज फोन करा, मग आठवड्याने, आणि परत घ्यायची वेळ आली तर परत घ्या.

मग खोली. जाळ्या तपासा, घमेलं उन्हात टाका, लाद्या धुवा. आधीचं मांजर उलट्या-जुलाबाने आजारी होतं आणि त्याला एफपीव्ही, म्हणजे मांजरांचा जिवावर बेतणारा पार्व्हो विषाणू, निघाला असेल तर तो विषाणू घरात कित्येक महिने टिकतो, साध्या साबणाने जात नाही, आधी धुऊन मग ब्लीच एकास तीस पाण्यात घालून दहा मिनिटं ओलं ठेवा, नीट वाळवा, आणि लस न झालेलं पिल्लू तिथे आणू नका. आमचं सातवं दोन-तीन दिवसांत येतंय, काळा बोका, एक डोळा अधू आहे. फोटो घेऊन मी काल संध्याकाळी आठ घरी जाऊन आले, दोन राहिलीत.